रामनगरहून हुंकार

काही वर्षांपूर्वी सगळी महाविद्यालयं बंद होती, तेव्हा माझ्या भाचीची मुलगी माझ्याकडे रामनगरला येऊन राहिली होती. तिचं विद्यापीठ मोबाइलमध्ये भरायचं. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवायचा, कॅमेरा बंद, माइक बंद, आणि पलीकडे मॅडम राष्ट्रीय उत्पन्न समजावून सांगत असताना ही अलीकडे शांतपणे भेंडी चिरायची. एकदा मॅडमनी विचारलं, "सगळ्यांना समजलं ना?" एवढा मोठा वर्ग, पण कुणी चकार शब्द काढला नाही. मॅडम "गुड" म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

"अगं, हो की नाही ते तरी सांग त्यांना," मी म्हटलं.

"आजी, माइक चालू केला की ओरडतात. नॉईज येतो म्हणे."

माझं या नॉईजशी जुनं भांडण आहे. मुलीला वाटलं, आजीला काय कळतंय यातलं. तिचंही बरोबर आहे. दूर बसलेल्या प्राध्यापकाकडून यंत्रातून शिकण्याचा शोध आपल्याच पिढीने लावला, असं प्रत्येक पिढीला वाटतं. मी मात्र नव्वदच्या दशकात, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या या जंगलात, असा वर्ग भरवत होते. त्या वर्गातली शेवंता आठवली म्हणून हे लिहिते आहे.

मी इथल्या हायस्कुलात इतिहास शिकवत असे. एका मुक्त विद्यापीठाने आमच्या शाळेत अभ्यासकेंद्र उघडलं आणि मला केंद्र-समन्वयक केलं. या पदाबरोबर एक रबरी शिक्का, एक लोखंडी कपाट, एक टेपरेकॉर्डर आणि पुष्कळ परिपत्रकं मिळाली. काम साधं होतं. विद्यार्थी आपापल्या गावी, प्राध्यापक बेंगळुरात आणि मधे पोस्ट खातं. छापील धडे पार्सलने यायचे. विद्यार्थ्याने ते वाचून शेवटी दिलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवायची. ती तपासून परत येईपर्यंत प्रश्न काय होता हे तो विसरलेला असायचा. रविवारी मी केंद्र उघडायची. ज्याला जमेल त्याने यावं, व्याख्यानाची कॅसेट ऐकावी, नाहीतर घरी न्यावी. शंका असेल तर बेळगावहून येणाऱ्या मार्गदर्शकाला विचारावी. येणाऱ्या म्हणजे, यायचं ठरलेल्या. धडे इंग्रजीत, कॅसेट ग्रांथिक कन्नडात, शंका मराठीत आणि भांडणं कोकणीत, अशी आमची भाषाव्यवस्था होती आणि ती उत्तम चालायची.

उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले होते की विद्यापीठ आज जंगलाच्या दारात आलं आहे. टाळ्या झाल्या. कॅसलरॉकच्या रेल्वे स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलून देणारा पॉइंट्समन फ्रान्सिस माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाई, दारात आलंय खरं, भितर कवा येतलें?"

हा फ्रान्सिस दोन गाड्यांच्या मधे बी.ए. करत होता. एकदा त्याचा मौर्य साम्राज्याचा धडा फलाटावरून उडाला आणि मालगाडीबरोबर गोव्याच्या दिशेने गेला. दुसरी प्रत मिळावी म्हणून मी विद्यापीठाला कळवलं. उत्तर आलं, की मूळ प्रत जमा केल्यावर दुसरी देण्यात येईल.

कुळगीच्या वन विभागाच्या कॅम्पवर परशुराम नावाचा गार्ड होता. तो राज्यशास्त्राच्या कॅसेटी न्यायचा आणि जंगलात टेपरेकॉर्डरवर ऐकायचा. सेल उतरले की उन्हात तापवायचा आणि पुन्हा घालायचा. सेल उतरत आले की टेप हळू फिरते, आवाज जड होतो आणि माणूस फार मोठा विचार करून बोलल्यासारखा वाटतो. परशुरामने मला एकदा गंभीरपणे सांगितलं, "बाई, नवीन सेल घातला की सर काय बोलत्यात काय कळत न्हाई. सेल मेला की लई झ्याक शिकवत्यात."

मी हसले. पण दूरशिक्षणावर मी पुढे जी काही तज्ज्ञांची भाषणं ऐकली, त्यांत इतकं मुद्द्याचं कुणी बोललेलं नाही.

शेवंता नंदिगड्ड्याच्याही पलीकडच्या एका वाडीवरची. भातशेती आणि जंगलातली कामं यांवर चालणारं घर. ती अंगणवाडी चालवायची आणि दोन बस बदलून रविवारी केंद्रावर यायची. पदवी मिळाली की तिला सुपरवायझरच्या जागेला अर्ज करता येणार होता. तिचे बी.ए.चे सगळे विषय सुटले होते. एक सोडून. अर्थशास्त्रातला संख्याशास्त्राचा पेपर ती दोनदा नापास झाली होती. आणि विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे तिच्या नोंदणीची मुदत त्या वर्षीच्या परीक्षेबरोबर संपत होती. या खेपेला हा पेपर गेला, तर पास झालेले सगळे विषयही गेले. पुन्हा पहिल्यापासून नाव घालायचं, आणि तेवढं दुसऱ्यांदा घडणार नाही हे ती जाणून होती, मीही.

मला संख्याशास्त्र येत नव्हतं. बेळगावचे मार्गदर्शक एकदाच आले, फळ्यावर एक लांबलचक सूत्र लिहिलं, "हे पाठ करा" म्हणाले आणि परतीच्या बसची वेळ झाली म्हणून गेले. राहिली कॅसेट. शेवंता टेपसमोर मांडी घालून बसायची आणि प्राध्यापकांचं वाक्य संपलं की म्हणायची, "हूं."

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिला समजावलं, "शेवंता, ती टेप आहे. त्यांना ऐकू येत नाही."

"मला ठाव हाय की, बाई. त्यास्नी न्हाई, माझ्यासाठी देतोय हुंकार. तोंडातनं हूं न्हाई आलं की समजायचं, हितं घोडं अडलं. मग टेप मागं घ्यायची."

"आणि मागे घेऊन कळतं?"

"न्हाई. ते परत तसंच बोलत्यात."

ही सवय तिला घरातून लागली होती. तिचे सासरे, त्यांना ती मामा म्हणे, वाडीतले नावाजलेले गोष्ट सांगणारे होते. नाव सोमा. त्यांच्याकडची रीत अशी, की गोष्ट सांगताना एकाने हुंकार द्यायचा. हुंकार देणारा नसेल तर गोष्ट सुरूच होत नाही. आणि मधेच हुंकार थांबला, तर सांगणारा शेवटचा हुंकार जिथे आला होता तिथपर्यंत मागे जातो आणि वेगळ्या वाटेने पुन्हा येतो. सांगणारा बोलत असताना हुंकार देणाऱ्याने उठून जाणं म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढून घेण्यासारखं.

सुनेला सोबत म्हणून सोमा कधीकधी केंद्रावर यायचे. शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता, पण शिकवणाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ह्यो मास्तर कसला गे," ते टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून मला म्हणायचे, "समोरचं मान्स मेलं का जितं हाय त्येबी बगत न्हाई, आपला बोलतोयच."

परीक्षा महिन्यावर आली असताना विद्यापीठाचं नवीन परिपत्रक आलं. योजनेचं नाव होतं 'दुहेरी संवाद'. शाळेच्या गच्चीवर मोठी डिश बसवण्यात आली. गावाने तिला छत्री म्हणायला सुरुवात केली आणि ती उलटी आहे हे लक्षात आल्यावरही नाव बदललं नाही. तिच्यातून बेंगळुरातल्या स्टुडिओचं चित्र आमच्या टीव्हीवर दिसणार आणि आम्ही फोन लावला की आमचा आवाज तिकडे ऐकू जाणार. आम्हाला ते दिसणार, त्यांना आम्ही दिसणार नाही. योजनेचा शुभारंभ विद्यापीठातले एक अतिमान्यवर करणार आणि त्यानंतर संख्याशास्त्राचं व्याख्यान होणार. योगायोगच, पण शेवंता ते ऐकून तरंगतच घरी गेली.

त्याच आठवड्यात विभागीय अधिकारी सफारी घालून आले. त्यांच्याबरोबर प्रश्नही आला. प्रत्येक केंद्राने एकच प्रश्न विचारायचा, तो आधी मंजूर झालेला असायला हवा, आणि आमच्या केंद्रासाठी तो मंजूर होऊनच आला होता: 'या अभिनव उपक्रमामागील आपली प्रेरणा कोणती?' हा प्रश्न वनवासी महिलेने विचारावा, असंही ठरलं होतं.

अधिकारी गेल्यावर शेवंता म्हणाली, "बाई, ह्यो प्रश्न माझा न्हाई."

"तो कुणाचाच नाही."

"मग इचारायचा कशाला?"

"कारण उत्तर तयार आहे."

"आणि माझं ते विचलन? त्येचं काय?"

प्रमाण विचलन हे त्या पेपरातलं तिचं दुखणं. मी म्हटलं, बघू. बघू म्हणताना मला काहीच दिसत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी टीव्ही उचलून हेडमास्तरांच्या खोलीत नेला, कारण फोन तिथे होता. अधिकारी पुढच्या खुर्चीत. परशुराम कुळगीहून रजा काढून आला होता. फ्रान्सिस ड्यूटीवर होता, त्याला सुटी मिळाली नाही. सोमा डोक्याला नवा फेटा बांधून दाराशी बसले. टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवावा लागतो, नाहीतर तो फोनमधून पुन्हा स्टुडिओत जातो आणि सगळं घुमायला लागतं, हे मी आदल्या दिवशी शिकले होते. पुष्कळ खटपटीनंतर फोन लागला. शेवंताने मंजूर प्रश्न विचारला. ती कन्नडात बोलली. आमच्याकडे सगळे दोन भाषांत राहतात. फोनवरचं पुढचंही सगळं कन्नडातच झालं, मी ते आमच्या मराठीत उतरवते आहे.

अतिमान्यवर प्रेरणेविषयी बोलू लागले. पहिलं वाक्य संपलं आणि शेवंता रिसीव्हरमध्ये म्हणाली, "हूं."

पडद्यावर मान्यवरांनी दचकून छताकडे पाहिलं. मग दुसरं वाक्य. "हूं." आता त्यांच्या चेहऱ्यावर मंद हसू आलं. इतक्या वर्षांच्या भाषणांत त्यांना वाक्यागणिक कुणी प्रतिसाद दिलेला नसावा. भाषण चांगलंच लांबलं.

ते निघून गेले. संख्याशास्त्राचे प्राध्यापक पडद्यावर आले. किरकोळ देहाचे, जाड चष्म्याचे गृहस्थ. अधिकाऱ्यांनी हाताने खूण केली: ठेव फोन. शेवंताने ठेवला नाही.

"मॅडम, सांगा तिला. दुसरी केंद्रं थांबलीयत."

"शेवंता, साहेब ठेव म्हणतायत."

तिने रिसीव्हरवर हात धरून म्हटलं, "बोलणारे बोलायलेत की अजून, बाई."

दारातून सोमा म्हणाले, "बोलत्या माणसाला तोंडावर टाकून जायचं व्हय? आमच्यात अशी रीत न्हाई."

फेट्यातल्या म्हाताऱ्याशी चारचौघांत वाद घालावा की नाही, याबद्दल कोणतंही परिपत्रक नव्हतं. अधिकारी पुन्हा टीव्हीकडे वळले.

प्राध्यापक समोरचे कागद वाचत होते. मान खाली. सरासरी म्हणजे काय, ते वाचून झालं. "हूं." त्यांनी मान वर केली.

"कोण आहे लाइनवर?"

"रामनगर, सर."

"तुमचा प्रश्न झाला ना?"

"झाला, सर. तुम्ही सांगा."

ते थोडे थबकले आणि पुन्हा वाचू लागले. हूं. आणखी थोडं. हूं. पाचसहा वाक्यांनंतर मला जाणवलं, की ते कागदाकडे कमी बघतायत. वाक्य संपलं की वाट बघतायत. मग आलं प्रमाण विचलन. प्रत्येक संख्या सरासरीपासून किती दूर ते काढा, त्या फरकांचे वर्ग करा.

शेवंताचं तोंड मिटलेलं.

ते पुढे जायला निघाले आणि थांबले. "रामनगर? आहात का?"

"आहे, सर."

"मग? अर्थ आय्ता? समजलं का?"

"नाही, सर. वर्ग कशाला करायचा? फरक काढलाय की आधीच."

अधिकारी उठले. त्यांचा हात फोन तोडायला पुढे आला. त्यात मी चहाचा कप दिला. दुसरा हात आला, त्यात बिस्किटांची बशी दिली. सरकारी शिष्टाचाराचा एक फायदा आहे, दोन्ही हात भरलेला माणूस कुणालाही तोडू शकत नाही.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "तुमच्या गावाला बस येते का?"

"येते, सर."

"किती वाजता?"

"पाटीवर नऊ, सर."

"आणि खरोखर?"

"कधी साडेआठलाच निघून जाते. कधी साडेनऊला येते."

"म्हणजे सरासरी काढली तर बरोबर नऊ. सरासरीच्या दृष्टीने तुमची बस अगदी वेळेवर आहे."

परशुराम खो खो हसला. शेवंता हसली नाही. "ते कसं, सर?"

"अर्धा तास अलीकडे म्हणजे उणे, अर्धा तास पलीकडे म्हणजे अधिक. बेरीज शून्य. दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं."

"शून्य कसं होईल?" तिचा आवाज चढला. "लवकर गेली तरी मी रस्त्यावर, उशिरा आली तरी मी रस्त्यावर. एका दिवसाच्या चुकीने दुसऱ्या दिवसाची चूक भरून निघते काय?"

प्राध्यापक खुर्चीतून अर्धे उठले. कॅमेऱ्याला ते अपेक्षित नसावं, कारण काही वेळ आम्हाला फक्त त्यांच्या शर्टाची बटणं दिसली. "म्हणूनच वर्ग करायचा, अम्मा! उणेचा वर्ग अधिक, अधिकचाही अधिकच. आता तुमचा त्रास शून्य होत नाही. सगळे वर्ग मिळवा, त्यांची सरासरी काढा, तिचं वर्गमूळ घ्या. काय आलं? तुमची बस किती बेभरवशाची आहे, त्याचा आकडा आला. आकडा मोठा, तेवढी बस वाईट. आता?"

"हूंऽऽ," शेवंता म्हणाली. तिच्याबरोबर दारातून सोमांचाही हुंकार आला. त्यांना संख्याशास्त्र कळलं असं मी म्हणत नाही, पण बस कळली होती.

मग प्राध्यापकांनी कागद बाजूलाच ठेवले. बसवरून ते भातावर गेले, भातावरून अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनांवर. हुंकार थांबला की मागे यायचे, दुसऱ्या वाटेने जायचे. दाराशी सोमा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ह्यो सांगणारा हाय. हुंकार तुटला की मागं येतोय बगा."

पुढच्या आठवड्यात मला विद्यापीठाची लेखी समज आली. रामनगर केंद्राने लाइन अडवून ठेवल्यामुळे इतर केंद्रांचे मंजूर प्रश्न विचारायचे राहिले. यापुढे प्रश्न विचारून होताच फोन ठेवावा आणि श्रोत्यांनी व्याख्यानात अनावश्यक आवाज करू नयेत. माझं आणि नॉईजचं भांडण आहे ते हे.

परीक्षा झाली. निकालाला नेहमीप्रमाणे इतका वेळ लागला, की दरम्यान फ्रान्सिसची बदली झाली. दोन विषय राहिलेले असताना तो गेला आणि पुन्हा कधी केंद्राकडे फिरकला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. गाड्यांना रस्ता देत आयुष्य काढलेल्या त्या माणसाला कुणीतरी पडद्यावरून एकदा तरी 'कॅसलरॉक, आहात का?' असं विचारायला हवं होतं.

निकाल आला. शेवंता पास. फार वरचे गुण नव्हते, पण पास म्हणजे पास. तिने पेढे आणले नाहीत, घरचा मध आणला, बाटलीला केळीच्या पानाचं बूच लावून. सोमांनी निरोप पाठवला होता: त्या बेंगळूरच्या सांगणाऱ्याला एकदा वाडीवर पाठवा, आम्ही हुंकार द्यायला बसतो. मी तो निरोप विद्यापीठाला कळवला नाही. त्याला मंजुरी मिळाली नसती.

पदवीचा कागद यायला आणखी वर्ष गेलं. तो घ्यायला शेवंता केंद्रावर आली त्या रविवारी नव्या विद्यार्थ्यांना मी एक नवी कॅसेट लावून दिली होती. विद्यापीठाने त्याच व्याख्यानाची कॅसेट काढून आदर्श नमुना म्हणून सगळ्या केंद्रांना पाठवली होती. फक्त ती स्वच्छ करण्यात आली होती. अनावश्यक आवाज काढून टाकले होते. शेवंता नव्हती, तिचा प्रश्न नव्हता. राहिले होते एकटे प्राध्यापक. ते मधेच थांबायचे, कारण नसताना मागे यायचे, कुणाला तरी बसची वेळ विचारायचे आणि उत्तर न येताच खूश होऊन ओरडायचे, "म्हणूनच वर्ग करायचा!" नवी मुलं एकमेकांकडे बघत होती. चांगला माणूस बोलता बोलता बिघडलाय, असा त्यांचा समज झाला असावा.

शेवंता पदवीची सुरळी हातात धरून दारात उभी राहिली. ऐकत राहिली. मग आत येऊन टेपसमोर मांडी घातली आणि रिकाम्या जागा भरायला लागली. वाक्य संपलं की "हूं." बसची वेळ विचारली की, "नऊ, सर, पाटीवर." नवी मुलं हसायला लागली आणि हसता हसता मुलंही हुंकार देऊ लागली. मग ते प्रमाण विचलनाचं वाक्य आलं, जिथे ती त्या दिवशी गप्प बसली होती. या वेळी तिने मोठ्याने हुंकार दिला.

टेपमधले प्राध्यापक तरीही थांबले आणि मागे यायला लागले.

"आता कळलंय की, सर," ती टेपरेकॉर्डरला म्हणाली. "चला तुम्ही फुडं."

त्यांना ऐकू येत नाही, असं या वेळी मी तिला सांगितलं नाही.